ग्रावेनबर्ख लिव्हरपूलला सूट होणार का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर २०२३ पासून हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की शेवटी म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. ग्रावेनबर्ख म्हणजे डच मिडफिल्डर, इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबने तेव्हा घेतलेला. आता उत्तर सगळ्यांना माहितीये, तो सूट झाला, पण प्रश्न काय संपत नाही, दर ट्रान्सफर विंडोला (खेळाडू विकत घ्यायच्या मुदतीला) फक्त नाव बदलतं. कधी पोर्तुगालचा पोरगा, कधी इक्वाडोरचा, कधी फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधला, आणि खाली तेच, "भावा हा आपल्याला सूट होईल का?" मी लिव्हरपूलवाला आहे हे आधीच सांगतो, नंतर बोंब नको.

आधी नाव कसं म्हणायचं ते सांग. ग्रेव्हनबर्च की ग्रावेनबर्ग?

दोन्ही नाही. डच लोक "ग" घशातून काढतात, आपल्या "ख"च्या जवळचा, त्यामुळे त्यांच्या तोंडून ते साधारण "ख्राव्हनबेर्ख" असं ऐकू येतं. शेवटचा "ख" मराठी माणसाला अजिबात जड नाही, इंग्लिश कॉमेंटेटरची मात्र दातखीळ बसते. मी सवयीने ग्रावेनबर्ख लिहितो, चालवून घ्या.

हा कुठून आला?

रायन ग्रावेनबर्ख, जन्म मे २००२, अ‍ॅमस्टरडॅम, घराणं मूळ सुरीनामचं. लहानपणापासून तिथल्याच आयाक्स क्लबच्या अकादमीत. सप्टेंबर २०१८ मधे पीएसव्हीविरुद्ध उतरला तेव्हा वय १६ वर्षं १३० दिवस, म्हणजे आपल्याकडे पोरं अकरावीच्या अ‍ॅडमिशनच्या रांगेत असतात त्या वयात, आणि आयाक्सकडून लीग खेळणारा सगळ्यात लहान खेळाडू हा क्लॅरेन्स सीडॉर्फचा रेकॉर्ड त्याने मोडला. मग कोच टेन हागच्या आयाक्समधे आठ नंबरवर (हे नंबर काय ते खाली येतंच) खेळला, लीग जिंकली, आणि २०२२ मधे जर्मनीच्या बायर्न म्युनिकला गेला. तिथे घोडं अडलं.

बायर्नला जमलं नाही मग इंग्लंडमधे कसं जमणार, असं तेव्हा सगळे म्हणत होते ना?

हो, आणि म्हणणाऱ्यांचं अगदीच चूक नव्हतं, आकडेच तसे होते. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मन लीगमधे, २४ मॅच खेळला पण त्यातल्या सुरुवातीपासून फक्त ३. बाकी सगळं बेंचवरून, ७०व्या ८०व्या मिनिटाला, मॅचचा निकाल लागलेला असताना. आता बघा, त्याच्या जागेवर किमिश आणि गोरेत्झ्का आधीच बसलेत, मधेच मार्चमधे कोच बदलला, नागल्समान जाऊन टुकेल आला, अशात वीस वर्षांच्या पोराने काय सिद्ध करायचं?

मला एक कळलंय, "तिथे चालला नाही" या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक, संधी मिळाली आणि माती खाल्ली. दुसरी, संधीच मिळाली नाही. ग्रावेनबर्ख दुसऱ्या प्रकारात होता आणि आपण सगळे त्याला पहिल्यात टाकून मोकळे झालो होतो.

किती पैसे मोजले? महाग होता का?

३ कोटी ४० लाख पौंड, १ सप्टेंबर २०२३, विंडोचा शेवटचा दिवस. विंडो बंद झाली तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते, मी जागा होतो, त्याचा उपयोग काय झाला विचारू नका.

महाग होता का हे त्या उन्हाळ्याचा बाजार बघून ठरवा. हेंडरसन आणि फाबिन्यो सौदीला गेलेले, मिल्नर, केटा, चेंबरलेन करार संपून गेलेले, म्हणजे अख्खं मिडफिल्डच रिकामं. मॅकअ‍ॅलिस्टर साधारण साडेतीन कोटीला आला, सोबोस्लाई सहा कोटीला. मिडफिल्डर कायसेडोसाठी लिव्हरपूलने ११ कोटी १० लाखांची बोली लावली आणि तो चेल्सीला गेला, मग लाव्हियाच्या मागे लागले, तोही चेल्सीला. मग स्टुटगार्टहून एंडो आणला, तेव्हा त्याचं वय ३०. आणि सगळ्यात शेवटी हा. त्यामुळे लोकांच्या डोक्यात हा "उरलासुरला माल" म्हणूनच बसला. पाच वर्षांचा करार, म्हणजे हिशोबाच्या वहीत वर्षाला ६८ लाख पौंड पडतात, त्या बाजारात हे चिल्लरच.

पहिल्या सीझनला फ्लॉपच होता ना?

फ्लॉप म्हणणार नाही, अर्धवट म्हणेन. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधे २६ मॅच, त्यातल्या १२ सुरुवातीपासून. पहिला गोल युरोपा लीगमधे, बेल्जियमच्या युनियन सेंट-गिल्वाजविरुद्ध. कधी एखाद्या मॅचला असा वळून निघायचा की वाटायचं हा तर राजा आहे, आणि पुढच्या मॅचला शोधावा लागायचा. फेब्रुवारी २०२४ च्या लीग कप फायनलला चांगला खेळत होता तर अर्ध्या तासाच्या आतच कायसेडोच्या टॅकलने घोटा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर. (तोच कायसेडो जो आपल्याला हवा होता. नशीब म्हणजे काय असतं बघा.) फायनल आपण जिंकलो, व्हॅन डाइकचा एक्स्ट्रा टाइममधला हेडर, पण याच्या वाट्याला काही नाही.

तिकडे देशातही प्रकरण झालेलं. लिव्हरपूलला आल्या आल्या हॉलंडच्या अंडर-२१ टीमला जायला त्याने नकार दिला, म्हणाला मला इथे रुळायचंय, त्यावर कोच कूमन नाराज. पुढे युरो २०२४ च्या टीममधे होता पण एक मिनिट खेळवला नाही. एक मिनिट सुद्धा नाही. म्हणजे ऑगस्ट २०२४ ला परिस्थिती अशी की क्लबमधे जागा पक्की नाही, देशाकडून बेंच गरम केलेला, आणि ज्याने त्याला आणला तो मॅनेजर क्लॉप निघून गेलेला.

हे सहा नंबर, आठ नंबर, दहा नंबर काय असतं? जर्सीवरचा नंबर का?

जर्सीचा नंबर नाही हो, त्याच्या जर्सीवर ३८ आहे. ही जागांची जुनी नावं. सहा म्हणजे डिफेन्सच्या पुढे उभा राहणारा, गावाच्या वेशीवरच्या राखणदारासारखा, समोरच्याची धाड अडवायची आणि मागून आलेला बॉल पुढे न्यायचा. आठ म्हणजे दोन्ही टोकांना पळणारा, सगळ्यात जास्त दमणारा. दहा म्हणजे स्ट्रायकरच्या मागे राहून पास देणारा, ज्याच्या नावावर गाणी होतात.

यात एक बारीक गोष्ट आहे जी टीव्हीवर चटकन दिसत नाही. आठ आणि दहा नंबरला बऱ्याचदा समोरचं मैदान दिसत असतं. सहा नंबरला बॉल मिळतो तेव्हा तो आपल्याच गोलकडे तोंड करून उभा असतो आणि पाठीवर माणूस बसलेला असतो. म्हणजे वळता आलं पाहिजे. न बघता वळता आलं पाहिजे. ज्याला हे जमत नाही त्याला कितीही टॅकल येऊ देत, मोठ्या टीमला तो सहा नंबर म्हणून पुरत नाही.

मग नवीन मॅनेजर स्लॉटने नक्की काय बदललं? पोरगा तोच, क्लब तोच.

हाच तर सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे.

क्लॉपच्या शेवटच्या सीझनला ग्रावेनबर्ख आठवर खेळायचा. तिथे काम काय तर पळा, प्रेस करा (बॉलवाल्याच्या अंगावर जा), सुटलेला बॉल उचला, बॉक्समधे घुसा, परत या. हा १९० सेंटीमीटर उंच, ढांगा टाकत पळणारा, लहान लहान स्प्रिंट मारत माणसाच्या अंगावर जाणं हा त्याचा पिंड नाही. तो करायचा ते काम, पण उसनं वाटायचं, जसं लग्नात दुसऱ्याचा कोट घातल्यावर खांदे कुठेतरी भलतीकडेच येतात.

स्लॉट आला, त्याला बॉल खालून शांतपणे बांधत न्यायचा होता. सेंटर बॅककडून (मधल्या डिफेंडरकडून) बॉल घ्यायचा, समोरच्याला अंगावर येऊ द्यायचं, आणि तो आला की त्याला टाकून पुढे. त्याने ग्रावेनबर्खला मागे ओढला, बाजूला मॅकअ‍ॅलिस्टर, पुढे सोबोस्लाई. आता बघा काय झालं, ज्या गोष्टीमुळे आठवर तो आळशी दिसत होता तीच गोष्ट सहावर शांतपणा दिसायला लागली. बॉल यायच्या आधी त्याचं अंग अर्धं वळलेलं असतं, पहिल्या टचला तो माणूस मागे टाकतो आणि मग त्या लांब ढांगा, आता समोर चाळीस मीटर मोकळं मैदान. आठवर हे मैदान त्याला कधी मिळतच नव्हतं, कारण तिथे तो आधीच गर्दीत उभा असायचा.

बचावाचं पण तसंच. लोक म्हणायचे याला टॅकल येत नाही. अरे पण त्याला टॅकल करायची फार गरजच पडत नाही, त्याचे पाय इतके लांब आहेत आणि पास कुठे जाणार याचा वास त्याला आधी येतो, तो मधेच बॉल कापतो. १ सप्टेंबर २०२४, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर मँचेस्टर युनायटेड, बरोब्बर एक वर्ष झालेलं साइन करून. त्यांच्या कासेमिरोचा पास मधेच पकडला, घेऊन निघाला, आपल्या सालाहला दिला, सालाहचा क्रॉस, डियाझचा हेडर, गोल. मॅच ३-० ने जिंकली. त्या दिवशी आमच्या मित्रांच्या ग्रुपवर पहिल्यांदा शांतता झाली.

पुढचं माहितीच आहे. लीगच्या ३८ पैकी ३७ मॅच खेळला. २७ एप्रिल २०२५ ला आपल्या घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर टॉटनहॅमला ५-१ हरवून लीग जिंकली, ती पण चार मॅच शिल्लक असताना. आणि प्रीमियर लीगचा त्या सीझनचा सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून बक्षीस याला. शेवटच्या मॅचला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध रेड कार्ड घेतलं, पण तोवर वरात निघालेली होती, कोणी मनावर घेतलं नाही.

म्हणून मी म्हणतो की "हा पोरगा सूट होईल का" हा अर्धाच प्रश्न आहे. सूट होईल, पण कुठल्या जागेवर, कोणाच्या बाजूला, कोणाच्या हाताखाली? हे न सांगता नुसतं हो किंवा नाही म्हणणारा माणूस थापा मारतोय.

पण स्लॉटला तर झुबिमेंडी हवा होता. मग हे सगळं योगायोगानेच झालं ना?

बऱ्यापैकी हो. ऑगस्ट २०२४ मधे लिव्हरपूलने मार्टिन झुबिमेंडीसाठी प्रयत्न केला, तयार झालेला सहा नंबर, पण तो आपल्या स्पॅनिश क्लबमधे, रेआल सोसिएदादलाच, थांबला. मग दुसरा मिडफिल्डर घेतलाच नाही. झुबिमेंडी आला असता तर ग्रावेनबर्ख परत बेंचवर गेला असता असं मला प्रामाणिकपणे वाटतं, आणि आज आपण त्याला "बायर्नलाही जमला नाही, इथेही जमला नाही" म्हणत असतो. (झुबिमेंडी पुढच्या वर्षी, २०२५ मधे, आर्सेनलला गेला.) क्लबच्या स्काउटांची हुशारी वगैरे ठीक आहे, पण कधी कधी दुसऱ्याचा नकारच आपल्याला पावतो.

डच कोच, डच कॅप्टन, म्हणून जमलं का? भाषेमुळे?

मदत नक्की झाली असणार. स्लॉट डच, व्हॅन डाइक डच, गाकपो डच, जेवणाच्या टेबलावर आपलं माणूस आहे. पण पहिल्या वर्षी पण व्हॅन डाइक आणि गाकपो होतेच की, तेव्हा का नाही जमलं? त्यामुळे सगळं श्रेय भाषेला देऊ नका. डच पोरांना इंग्लिश येतंच, खरा त्रास असतो तो लिव्हरपूलच्या बोलीचा, ती लंडनच्या माणसालाही दुसऱ्यांदा विचारावी लागते.

दक्षिण अमेरिकेतून किंवा आफ्रिकेतून १९-२० व्या वर्षी येणाऱ्या पोराची गोष्ट वेगळी. भाषा नाही, दुपारी चारला अंधार, घरचं जेवण नाही. मोठ्या क्लबांमधे यासाठी वेगळी माणसं असतात, घर शोधून देणं, बँक खातं, आईवडिलांचा व्हिसा, सगळं बघतात. डिसेंबरमधे इंग्लंडला शिकायला गेलेल्या आपल्या कुठल्याही पोराला विचारा, थंडीपेक्षा अंधाराचंच जास्त सांगेल. आपल्या पोरांना गाडी डाव्या बाजूने चालवायची सवय तरी असते, त्यातल्या बऱ्याच बिचाऱ्यांना ते पण नवीन.

प्रीमियर लीग खरंच इतकी वेगळी असते का, की इंग्लिश लोकांचा माज आहे?

थोडा माज आहे, थोडं खरं आहे. खरं काय तर, रेफरी बारीकसारीक धक्क्याला शिट्टी मारत नाही, त्यामुळे स्पेन-जर्मनीहून आलेला पोरगा पहिले दोन महिने हात वर करून रेफरीकडे बघत असतो आणि तोवर समोरचे बॉल घेऊन गेलेले असतात. ३८ मॅचची लीग, वर दोन कप, जर्मनीत ३४ आणि हिवाळ्यात सुट्टी, इथे ख्रिसमसलाच गाडा सगळ्यात जोरात. आणि शेवटच्या नंबरच्या टीमकडे पण एवढा पैसा असतो की सोपी मॅच म्हणून काही नसतंच.

माज काय तर "मंगळवारच्या पावसाळी रात्री स्टोकला जमेल का" हे वाक्य. स्टोक २०१८ लाच प्रीमियर लीगमधून खाली गेले राव, आता तरी सोडा.

न चाललेल्याचं एक उदाहरण दे, सारखं कौतुक नको.

रेनाटो सँचेस, पोर्तुगालचा मिडफिल्डर. युरो २०१६ चा सर्वोत्तम तरुण खेळाडू, त्याच वर्षीचा गोल्डन बॉय (युरोपातल्या सर्वोत्तम तरुण खेळाडूचं बक्षीस), बायर्नने साडेतीन कोटी युरोला घेतला. २०१७ मधे प्रीमियर लीगमधल्या छोट्या स्वान्सीला लोनवर (उसना) आला तेव्हा अख्ख्या लीगने तोंडात बोट घातलं, एवढा मोठा पोरगा स्वान्सीला? स्वान्सीचा मॅनेजर पॉल क्लेमेंट, तो आधी बायर्नमधे कोच अँचेलोत्तीचा असिस्टंट, त्या ओळखीवर आला. कागदावर सगळं जुळत होतं, मॅनेजर ओळखीचा, खेळायला भरपूर मिळणार, दडपण कमी.

आणि झालं काय, चेल्सीविरुद्ध एक पास त्याने थेट जाहिरातीच्या बोर्डाला दिला, तिथला लाल पट्टा त्याला आपला खेळाडू वाटला असं लोक म्हणाले. तो व्हिडिओ अजून फिरतो. डिसेंबरला क्लेमेंटची नोकरी गेली, जानेवारीत याचा स्नायू गेला, लीगच्या १२ मॅच, आणि सीझनअखेर स्वान्सी खाली.

आता माझं मत. तो पोरगा वाईट नव्हता, नंतर लीलकडून फ्रेंच लीग जिंकला. पण खचलेल्या पोराला बुडत्या टीममधे टाकलं. बुडणाऱ्या टीमला बॉल ठेवणारा, चुका न करणारा माणूस लागतो, आणि हा धोका पत्करणारा, चार प्रयत्नांत एकदा जादू करणारा. वरच्या टीमला ते परवडतं. स्वान्सीला नाही परवडलं.

दहा-दहा कोटीचे आले त्यांचं काय? एन्झो, कायसेडो?

एन्झो फर्नांडेझला पोर्तुगालच्या बेन्फिकाने २०२२ च्या उन्हाळ्यात अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटकडून घेतला, एक कोटी युरो आणि वर बोनस. डिसेंबरला वर्ल्ड कप जिंकला, तिथला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला, आणि ३१ जानेवारी २०२३ ला चेल्सीने १० कोटी ६८ लाख पौंड मोजले. सहा महिन्यात दहापट! करार साडेआठ वर्षांचा, म्हणजे खर्च साडेआठ वर्षांवर पसरवायचा, ईएमआयवर फ्लॅट घेतल्यासारखं. नंतर नियम आला की खर्च जास्तीत जास्त पाचच वर्षांवर पसरवता येईल, ती पळवाट बंद. त्या सीझनला चेल्सी बाराव्या नंबरवर राहिली आणि सगळे एन्झोला शिव्या घालत होते. पण ज्या टीममधे जानेवारीत इतकी नवीन माणसं आली की ड्रेसिंग रूममधे कपाटं पुरेनात तिथे एकटा पोरगा काय करणार? २०२५ ला त्याच चेल्सीने कॉन्फरन्स लीग आणि क्लब वर्ल्ड कप जिंकला आणि मधे एन्झो-कायसेडोच होते.

कायसेडोची गोष्ट मला जास्त आवडते. इंग्लंडच्याच ब्रायटनने फेब्रुवारी २०२१ मधे इक्वाडोरच्या इंडिपेंडिएंटे देल व्हायेकडून साधारण ४५ लाख पौंडाला घेतला आणि लगेच खेळवला नाही. बेल्जियमला बीअरशॉटला लोनवर पाठवला, जानेवारी २०२२ ला परत बोलावला, एप्रिलला आर्सेनलविरुद्ध लीगमधे पहिल्यांदा उतरवला. चौदा महिने थांबले! आणि मग दीड वर्षात दहा कोटीच्या वर विकला. पोरगा हेरणं तर झालंच, पण हे थांबणं ब्रायटनला जमतं आणि मोठ्या क्लबांना जमत नाही.

१६-१७ वर्षांचाच उचलून आणला तर? फॅब्रेगाससारखा?

आता नाही आणता येत. फॅब्रेगास २००३ मधे बार्सिलोनाच्या अकादमीतून आर्सेनलला आला तेव्हा १६ वर्षांचा, ऑक्टोबरमधे रॉदरहॅमविरुद्ध लीग कपला उतरला पण. तेव्हा युरोपियन युनियनमधल्या देशांत १६ ते १८ च्या पोरांची ट्रान्सफर चालायची. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, इंग्लिश क्लबला बाहेरचा १८ च्या आतला खेळाडू घेता येत नाही. त्यामुळे आता पोरगा हेरून ठेवतात, तिकडच्या क्लबशी बोलून ठेवतात, आणि १८ पूर्ण झाले की आणतात. साखरपुडा आधी, वरात नंतर.

वर्क परमिट कसं मिळतं? आपल्या इंडियाच्या पोराला मिळेल का?

पॉइंटची पद्धत आहे, १५ पॉइंट लागतात. वरच्या रँकिंगच्या देशाकडून पुरेशा मॅच खेळला असेल तर थेट पास. नाहीतर कुठल्या लीगमधे खेळतोस, किती मिनिटं, क्लब युरोपियन कप खेळतो का, यावर पॉइंट. २०२३ पासून थोडी सूट आली, १५ न भरणाऱ्या काही पोरांना पण घेता येतं, प्रीमियर लीगच्या क्लबला जास्तीत जास्त चार.

आपलं म्हणाल तर इंडियाचं रँकिंग पहिल्या ५० च्या जवळपासही नाही आणि आपली लीग सगळ्यात खालच्या गटात मोजतात. रस्ता बंद नाही पण आधी बेल्जियम, पोर्तुगाल असं कुठेतरी खेळून जावं लागेल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर बसून "आमचा पोरगा त्या एंडोपेक्षा भारी" म्हणणारे काका मला माहितीयेत, त्यांना हे पॉइंट समजावायला मी जाणार नाही.

होमग्रोनचं काय लफडं असतं?

२५ जणांच्या यादीत बाहेर घडलेले जास्तीत जास्त १७. होमग्रोन म्हणजे जन्माने इंग्लिश नाही, तर २१ व्या वर्षापर्यंत तीन वर्षं इंग्लंड किंवा वेल्सच्या क्लबमधे नोंदवलेला. म्हणून स्पॅनिश फॅब्रेगास होमग्रोन आणि २१ व्या वर्षी आलेला ग्रावेनबर्ख कधीच नाही. मात्र अंडर-२१ वाल्यांना यादीत जागाच लागत नाही, २०२३-२४ साठी जानेवारी २००२ नंतर जन्मलेले त्यात बसत होते, त्यामुळे पहिल्या सीझनला त्याची जागा फुकट होती. तरुण परदेशी पोरं घ्यायला क्लब उतावळे का असतात त्याचं हे एक कारण, कोणी फारसं बोलत नाही.

इतके परदेशी म्हणजे मग इंग्लिश क्लब कसला?

हे भांडण जुनं आहे. २६ डिसेंबर १९९९ ला चेल्सीने साउथहॅम्प्टनविरुद्ध अकराच्या अकरा परदेशी उतरवले तेव्हापासूनचं. पुढचा प्रश्न.

नवीन पोराला किती वेळ द्यायचा?

माझा हिशोब, एक पूर्ण सीझन आणि एक प्री-सीझन. मिडफिल्डर रॉड्री २०१९ ला सहा कोटीच्या वर देऊन मँचेस्टर सिटीने आणला, पहिल्या वर्षी लोक म्हणत होते आधीच्या फर्नांडिन्योची सर नाही. २०२३ ची चॅम्पियन्स लीग फायनल त्याच्याच गोलवर जिंकली, २०२४ चा जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, बॅलन डी'ओर त्याला.

आणि लुकास लेवा. २००७ ला ब्राझीलच्या ग्रेमियोहून लिव्हरपूलला आला, वीस वर्षांचा, आणि अ‍ॅनफिल्डवर आपलेच लोक त्याच्या नावाने सुस्कारे टाकायचे, मी स्वतः टाकलेत. २०१०-११ ला चाहत्यांनीच त्याला सीझनचा सर्वोत्तम खेळाडू निवडला, २०१७ पर्यंत राहिला आणि जाताना लोक रडले. त्याला तीन वर्षं लागली. आता कोणी तीन वर्षं देत नाही, तीन मॅच झाल्या की मीम तयार.

यूट्यूबवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघितला, भारी वाटतो. घ्यायचा का?

त्या व्हिडिओत कोणीही भारीच वाटतो, लग्नाच्या बायोडेटासारखा प्रकार आहे तो, त्यात कोणी "रागीट, घोरतो" असं लिहितं का? मिडफिल्डर बघायचा तर अख्खी मॅच बघा, ती पण त्याची टीम हरत असताना. बॉल नसताना मान किती वेळा फिरवतो. चूक झाल्यावर पुढचा बॉल मागतो की लपतो. ७० व्या मिनिटानंतर परत धावतो का. आणि त्याच्या क्लबमधे त्याच्या बाजूला कोण आहे, कारण बऱ्याच वेळा चमकणारा एक असतो आणि त्याच्यासाठी राबणारा दुसरा, आणि क्लब चुकून चमकणाराच घेऊन येतो.

फँटसीमधे (खऱ्या खेळाडूंची टीम बनवून पॉइंट मिळवायचा खेळ) ठेवू का त्याला?

२०२४-२५ ला लीगमधे शून्य गोल होते त्याचे, तेव्हा ठेवला असेल तर तुम्ही फारच प्रेमळ माणूस. २०२५-२६ पासून टॅकल, इंटरसेप्शन, रिकव्हरी असं सगळं मिळून १२ झाले की मिडफिल्डरला २ पॉइंट मिळतात, त्यामुळे सहा नंबरवाल्यांना थोडे बरे दिवस आलेत. तरी कॅप्टन करू नका, प्लीज.

तू स्वतः सप्टेंबर २०२३ ला काय म्हणाला होतास?

"आठ नंबर म्हणून ठीक, सहा नंबर तर कधीच होणार नाही, याला डिफेन्स येत नाही." स्क्रीनशॉट आहे, आमच्यातल्या एकाने जपून ठेवलाय आणि लिव्हरपूल जिंकली की टाकतो, हरली तरी टाकतो.

मॅच बघायची तर आपल्याकडे किती वाजता?

शनिवारची दुपारी तीनची मॅच उन्हाळ्यात आपल्या साडेसातला, हिवाळ्यात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठला. रात्री आठची असेल तर साडेबारा किंवा दीड. दीडवाली असेल तर दुसऱ्या दिवशी ऑफिसला मला काही विचारू नका, विशेषतः नवीन मिडफिल्डरबद्दल.